खिडकीतला गारवा : त्याचा इतिहास आणि आपली जबाबदारी



आपल्या स्मरणिकेत पाककृती, भरतकाम आणि यात्रावर्णने दरवर्षी येतात. यंदा अध्यक्षाबाईंनी सुचविले, की घरातल्या एखाद्या वस्तूचा इतिहास कोणी लिहावा. आपल्या नागपुरात उन्हाळ्याचे चार महिने ज्याची चर्चा घरोघरी होते ते गारव्याचे यंत्र मी निवडले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतच झाले. पण वाचनालयातून पुस्तके आणून वाचण्याची गोडी आहे, आणि यंत्राचे जे मला उमगले नाही ते माझ्या भाच्याने समजावून दिले. तो हीच यंत्रे बसविण्याचे काम करतो. तेव्हा यात जे चांगले असेल ते त्या दोघांचे समजावे.

उन्हाळ्यात घर गार ठेवण्याची माणसाची धडपड फार जुनी आहे. वाळ्याच्या ताट्या दाराखिडक्यांना लावून त्यांवर पाणी शिंपडण्याची रीत आपल्याकडे शेकडो वर्षांची. अकबर बादशहाच्या दरबारातील अबुल फजल याने ‘ऐने अकबरी’ या ग्रंथात वाळ्याच्या अशा खोल्यांचे वर्णन करून ठेविले आहे. पाणी वाळताना उष्णता शोषून घेते, म्हणून वारा गार होतो. माठातले पाणी गार होते तेही याच कारणाने. पण ताटीवर सतत पाणी कोणीतरी शिंपडावे लागे. पुढे इंग्रजांच्या बंगल्यांत छताला मोठा झालरीचा पंखा आला, त्याची दोरी ओढायला बाहेर ओसरीवर माणूस बसे. आत साहेब गारव्यात झोपलेला, आणि बाहेर तो गडी उन्हाच्या झळा सोशीत दोरी ओढतो आहे! एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात ‘थर्मँटिडोट’ नावाची एक लाकडी पेटीही निघाली. ती खिडकीला लावीत. बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आत पंख्याची पाती, आणि ती फिरवायला पुन्हा एक माणूस. आपल्या कूलरची ही पणजीच म्हणायची. कूलरच्या गवताला आपण अजून ‘ताटी’च म्हणतो, त्यात हा सगळा इतिहास आहे.

दुसरा मार्ग बर्फाचा. इ. स. १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्याने अमेरिकेतील बोस्टनहून जहाजात बर्फ भरून तो कलकत्त्यास पाठविला. तळी गोठली की त्यांचा बर्फ कापीत आणि लाकडाच्या भुशात दडपून आणीत. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी उरलेला बर्फ पाहून लोक थक्क झाले. मद्रासेस १८४२ मध्ये या बर्फासाठी गोल इमारत बांधली गेली. पुढे १८९७ साली स्वामी विवेकानंद तिथे राहिले होते, आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

या बर्फाच्या काळातला एक शब्द मात्र आपल्या घरात रोज वापरला जातो. दुकानदार विचारतो, “एक टनाचा हवा की दीड टनाचा?” पुष्कळ जणींना वाटते की ते यंत्राचे वजन. तसे नाही. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता खोलीतून काढण्याची ताकद म्हणजे ‘एक टन’. दीड टनाचे यंत्र दिवसभर चालले तर साडेतेराशे किलो बर्फाचे काम करते. एवढ्या बर्फाच्या लाद्या डोक्यावरून वाहायच्या म्हटल्या तर किती माणसे लागतील याचा विचार करावा!

बर्फ निसर्गावर न सोडता यंत्राने करावा, हा ध्यास डॉक्टर जॉन गॉरी यांनी घेतला. अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतातील अपालाचिकोला या गावी ते तापाच्या रोग्यांच्या खोल्यांत छताजवळ बर्फाची भांडी टांगून त्यांना गारवा देत. बर्फ दुरून जहाजाने येई, म्हणून त्यांनी स्वतःच बर्फाचे यंत्र रचले आणि १८५१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. धंदा मात्र उभा राहिला नाही, आणि १८५५ मध्ये ते निराशेतच वारले. रोग्यांच्या कळवळ्यातून निघालेल्या या प्रयत्नाची आठवण आपण ठेवली पाहिजे.

आजच्या यंत्राचा खरा जन्म एका छापखान्यात झाला. न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन भागात रंगीत छपाई होत असे. दमट हवेत कागद फुगे, कोरड्या हवेत आकसे, आणि एका रंगावर दुसरा रंग नीट बसेना. १९०२ मध्ये विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या इंजिनिअराने गार नळ्यांवरून हवा नेऊन तिच्यातला दमटपणा काढून टाकण्याची योजना आखली. माणसाला गार वाटावे हा त्यात मुळी हेतूच नव्हता! ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्दही घरातला नव्हे. १९०६ मध्ये स्टुअर्ट क्रेमर यांनी तो कापडगिरण्यांसाठी योजला. तिथे अडचण उलट होती. हवा कोरडी झाली की सूत तुटते. आपल्या नागपूरकरांना हे नवे नाही. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये इथे एम्प्रेस मिल सुरू केली, तिच्यात हवा ओलसर ठेवण्याची यंत्रे त्यांनी बसविली होती. कागद आणि सूत यांची सोय आधी झाली, माणसाची मागाहून.

सर्वसामान्य माणसांना हा गारवा मिळू लागला तो नाटकसिनेमाच्या थिएटरांत. न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात तो १९२५ मध्ये आला. मुंबईचे रीगल चित्रगृह १९३३ मध्ये वातानुकूलित थाटात उघडले. १९३४ मध्ये मुंबईहून पेशावरला जाणाऱ्या फ्रंटियर मेलला गार हवेचा डबा लागला. त्याच्या खालच्या पेट्यांत बर्फाच्या लाद्या ठेवीत आणि वाटेतल्या स्टेशनांवर त्या बदलीत.

घरात यायला या यंत्राला दोन अडचणी होत्या. एक त्याचा आकार, आणि दुसरी त्यातले विषारी वायू. अमोनिया किंवा गंधकाचा वायू खोलीत सुटला तर जिवावर बेते. १९२८ मध्ये टॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रेऑन हा बिनविषारी, न पेटणारा वायू शोधला, तेव्हा ही भीती गेली. पुढे कळले की असले वायू आकाशातील ओझोनच्या थराला खातात. म्हणून १९८७ मध्ये माँट्रियल येथे देशांनी करार करून ते हळूहळू बंद करण्याचे ठरविले. आजच्या पुष्कळ यंत्रांत आर-३२ हा वायू असतो. तो ओझोनला खात नाही, पण थोडाफार पेटू शकतो. म्हणून वायू भरण्याचे काम जाणत्याकडूनच करवून घ्यावे.

खिडकीच्या कट्ट्यावर मावेल असे यंत्र अमेरिकेत १९३०च्या सुमारास निघाले, पण सामान्य घरांत ते शिरले दुसऱ्या महायुद्धानंतर. आपल्याकडे व्होल्टास ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली. आधी साहेबांच्या कचेऱ्या, दवाखाने, हॉटेले, आणि मग खूप वर्षांनी आपल्यासारख्यांची घरे, असा त्याचा प्रवास झाला.

आता या इतिहासातून मला काय दिसले ते सांगते. हे यंत्र थंडी ‘तयार’ करीत नाही. खोलीतली उष्णता उचलून ते बाहेर टाकते. दोरी ओढणारा गडी बाहेर होता, तसेच आजही यंत्राचे जड, गरम आणि पाणी गळणारे अंग बाहेरच असते. दीड टनाच्या यंत्राचे वजन पन्नास-साठ किलोपर्यंत भरते, आणि त्यातला सर्वांत जड भाग, म्हणजे कॉम्प्रेसर, मागच्या बाजूला असतो. त्यामुळे यंत्राचा कल नेहमी बाहेर पडण्याकडे राहतो. त्याच्या खाली कोण असते? आपल्याच बोळातली मुले, भाजीवाली, नळावरून पाणी नेणारी शेजारीण. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्लीच्या करोलबाग भागात वरच्या मजल्यावरून एका यंत्राचा बाहेरचा भाग खाली कोसळला. खाली असलेला एक तरुण त्यात प्राणास मुकला. ही बातमी वाचल्यापासून मी वर न पाहता बोळातून जात नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आमच्या बोळात एका घरी यंत्र बसविताना मी पाहिले. कारागिराने खिडकीचे गज कापले, दोन विटा रचल्या आणि त्यांवर यंत्र टेकवून तो निघायच्या बेतात होता. आम्ही चौघी-पाचजणी त्या घरच्या वहिनींकडे गेलो. त्या बिचाऱ्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी लगेच त्याला थांबवून लोखंडी अँगल ठोकून घेतले. राग कोणाला आला नाही. म्हणून म्हणते, सांगण्यात संकोच करू नये.

भाच्याने मला ज्या गोष्टी सांगितल्या त्या इथे देते. प्रत्येकीमागे कारण आहे, ते समजले की विसर पडत नाही.

यंत्र लोखंडी अँगलच्या स्टँडवर बसवावे, आणि त्या स्टँडचे बोल्ट पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत असावेत. नुसत्या गिलाव्यात बसविलेला बोल्ट पहिल्या पावसाळ्यातच सैल होतो. जुन्या वाड्याची मातीची भिंत असेल तर आधी गवंड्यास दाखवावे. गंजलेल्या जुन्या कूलरच्या स्टँडवर यंत्र कधीही ठेवू नये. उचलायला निदान दोघे हवेत, आणि ते पक्के होईपर्यंत एकाने ते सोडू नये. त्या वेळी खालच्या बोळात एक माणूस उभा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना थोपवावे. हे काम आपण बायकाच चांगले करू!

यंत्राचे तोंड आत आणि पाठ बाहेर. बाजूंच्या जाळ्यांतून ते बाहेरची हवा घेते, म्हणून त्या जाळ्या भिंतीत गाडू नयेत. मागे पत्र्याची पेटी करून ते कोंडू नये. बाहेरची बाजू किंचित उतरती ठेवावी; किती, ते यंत्राबरोबरच्या पुस्तकात दिलेले असते. उतार नसला तर पाणी आत येऊन भिंत भिजते, आणि बोर्डापर्यंत ओल गेली तर धोका. बाहेरच्या पाण्याला नळी लावून ते मोरीत सोडावे. शेजारणीने गच्चीवर कुरडया-पापड घातले आहेत आणि आपले पाणी त्यांवर टपटपते आहे, असे होऊ देऊ नये. गरम हवेचा झोतही कोणाच्या खिडकीत जाऊ नये. खोलीतून बाहेर पडायला ती एकच खिडकी असेल तर तीत यंत्र बसवू नये. आगीच्या वेळी तीच वाट असते.

विजेचे काम तर वायरमनकडूनच करवून घ्यावे. मेनबोर्डापासून यंत्रासाठी वेगळी तांब्याची तार, स्वतंत्र एमसीबी आणि चालू असलेले अर्थिंग, या तीन गोष्टी झाल्याशिवाय बटण दाबू नये. एक्स्टेन्शनच्या लांब वायरीवर हे यंत्र चालवू नये. ती वायर तापते आणि घरे पेटतात. गळता करंट सापडला की वीज तोडणारी आरसीसीबी बसविली तर उत्तमच. कूलरच्या पाण्यात हात घातल्यावर विजेचा धक्का बसल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. तेच भान इथेही ठेवावे, आणि जाळी धुण्याआधी प्लग काढावा.

फाल्गुनात यंत्र पहिल्यांदा सुरू करण्याआधी बोल्ट, गंज आणि मागची बाजू पाहून घ्यावी. तिथे चिमणी-पारव्याचे घरटेही असते. आणि यंत्र चालविताना हव्यासाने सोळावर आणू नये. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात ही यंत्रे सुरू होताना २४ अंशांवर सुरू व्हावीत असा नियम झाला. तेवढ्यात गारवा पुरतो आणि विजेचे बिलही आवरते.

ज्यांच्या घरी हे यंत्र नाही त्यांनी खंत करू नये. नागपूरच्या कोरड्या हवेत वाळ्याची ताटी अजूनही चांगले काम करते, आणि तिचा सुवास कोणत्याही यंत्राला येत नाही. ज्यांच्या घरी आहे त्यांनी एवढेच लक्षात ठेवावे, की आतला गारवा आपला आहे तसा बाहेरचा भारही आपलाच आहे. माझी मंडळाला एक विनंती आहे. दर वर्षी होळीच्या आधीच्या सभेत एखाद्या जाणत्या वायरमनला बोलवावे, आणि आपल्या बोळांतली सारी यंत्रे एकदा खालून पाहून घ्यावीत. हळदीकुंकवाला आपण एकमेकींच्या घरी जातोच. त्याच आपुलकीने हेही काम होईल.