बिगक्वेरी : क्लायंट लायब्ररी

गूगल या अमेरिकन कंपनीच्या क्लाउडवर चालणाऱ्या बिगक्वेरी या विदासेवेशी एखाद्या प्रोग्रामला व्यवहार करता यावा म्हणून त्या त्या प्रोग्रामिंग भाषेत सिद्ध करून ठेवलेला आज्ञासंच. पायथन, जावा, गो, नोड जेएस, सी-शार्प, पीएचपी आणि रूबी या भाषांसाठी गूगल स्वतःच अशा लायब्ररी पुरविते. त्यांपैकी पायथनची लायब्ररी विदाविश्लेषकांच्या वापरात विशेष असल्याने प्रस्तुत नोंदीत तीच मुख्यतः डोळ्यांसमोर ठेविली आहे.

बिगक्वेरीची घोषणा २०१० साली झाली, आणि तिच्या मुळाशी असलेल्या ‘ड्रेमेल’ या गूगलच्या अंतर्गत प्रणालीवरील शोधनिबंधही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तक्त्यातील माहिती ओळीओळीने न साठविता स्तंभास्तंभाने साठवावयाची, आणि प्रश्न आला असता ज्या स्तंभांचा त्यात उल्लेख असेल तेवढेच शेकडो यंत्रांकडून एकाच वेळी वाचवून घ्यावयाचे, हे या रचनेचे मर्म होय. या सेवेचा दरवाजा म्हणजे तिचा आरईएसटी एपीआय. कोणत्याही भाषेतून एचटीटीपी विनंत्या हाताने लिहून तो ठोठावता येतो. परंतु ओळखीची चिन्हे मिळविणे, ती मुदत संपताच बदलून घेणे, पानापानांनी येणारे उत्तर जोडणे, मध्येच संपर्क तुटल्यास योग्य त्या अंतराने पुन्हा प्रयत्न करणे, ही सर्व कारकुनी मग प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या अंगावर पडते. क्लायंट लायब्ररी ही अशा वेळी कचेरीत आपल्या वतीने उभ्या राहणाऱ्या मुखत्यारासारखी असते: अर्ज योग्य नमुन्यात लिहिणे, सनद दाखविणे आणि निकाल लागेपर्यंत खोळंबून राहणे तिने करावे, कोणता अर्ज करावयाचा आणि त्याचा खर्च कोणाच्या खाती पडावयाचा, याची जबाबदारी मात्र मालकाचीच राहते.

गूगलच्या लायब्ररींच्या दोन पिढ्या आढळतात. पहिल्या पिढीतील लायब्ररी सर्व गूगल सेवांसाठी एकाच साच्यातून यंत्राने काढलेल्या असून त्यांत आरईएसटी एपीआयचे अवयव जसेच्या तसे दिसतात. दुसऱ्या पिढीतील, म्हणजे ‘क्लाउड क्लायंट लायब्ररी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, त्या त्या भाषेच्या वळणाने रचलेल्या आहेत. नव्याने आरंभ करणाऱ्याने दुसरीच पत्करावी. यात केवळ सोयीचा प्रश्न नाही. बिगक्वेरीला आरंभी एसक्यूएल या प्रश्नभाषेची स्वतःची एक निराळी बोली होती, आणि जुन्या वापरकर्त्यांचे व्यवहार मोडू नयेत म्हणून आरईएसटी एपीआय अद्यापही, काही न सांगितल्यास, तीच बोली गृहीत धरितो. क्लाउड क्लायंट लायब्ररी मात्र प्रमाण एसक्यूएल धरून चालतात. एकच प्रश्न एका वाटेने गेल्यास उत्तर मिळते आणि दुसऱ्या वाटेने गेल्यास व्याकरणाची चूक दाखविली जाते, या चमत्काराचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

पायथनमध्ये स्थापना करावयाची ती पिप या स्थापनासाधनाच्या साहाय्याने. येथे एक बारीक गोष्ट ध्यानात ठेवावी, की स्थापनेच्या वेळी ‘गूगल’, ‘क्लाउड’ आणि ‘बिगक्वेरी’ ही तीन पदे आडव्या रेघेने जोडलेली असतात, तर प्रोग्राममध्ये आयात करिताना ती टिंबांच्या उतरंडीने येतात. स्थापना ही अशी घटकाभरात उरकते.

खरा खोळंबा होतो तो ओळखीच्या प्रश्नापाशी. लायब्ररीतील ‘क्लायंट’ ही वस्तू निर्माण करिताना काही सांगितले नाही, तर ती ‘ॲप्लिकेशन डिफॉल्ट क्रेडेन्शियल्स’ या पद्धतीने ओळखपत्राचा शोध स्वतःच घेते, आणि हा शोध ठरावीक क्रमाने चालतो. प्रथम ‘गूगल ॲप्लिकेशन क्रेडेन्शियल्स’ या परिसर-चलात एखाद्या फायलीचा पत्ता दिला आहे काय, हे ती पाहते. तेथे काही नसल्यास जीक्लाउड या आज्ञासाधनाने वापरकर्त्याच्या घरच्या फोल्डरात ठेविलेली फाइल तपासते. आणि तीही नसल्यास, प्रोग्राम गूगलच्याच यंत्रावर चालत असेल तर, त्या यंत्राला जोडून दिलेल्या सर्व्हिस अकाउंटची, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामसाठी काढलेल्या खात्याची, ओळख मागून घेते. या क्रमामुळेच तोच प्रोग्राम, त्यातील एक अक्षरही न बदलता, घरच्या लॅपटॉपवर माणसाच्या नावाने आणि सर्व्हरवर सर्व्हिस अकाउंटच्या नावाने चालू शकतो, हा या पद्धतीचा मोठा गुण. आणि पूर्वी कधी तरी परिसर-चलात लिहून ठेवलेला व नंतर विस्मृतीत गेलेला पत्ता इतर सर्वांवर मात करून भलत्याच नावाने अर्ज दाखल करितो, हा तिचा तितकाच मोठा दोष. जीक्लाउडमध्ये लॉगिनच्या दोन निराळ्या आज्ञा आहेत, हेही नवागताच्या सहसा लक्षात येत नाही. साध्या लॉगिनने केवळ त्या साधनापुरती ओळख पटते. लायब्ररीसाठी ‘ॲप्लिकेशन-डिफॉल्ट’ हे पद असलेली दुसरी आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. टर्मिनलमध्ये सर्व सुरळीत चालले असता प्रोग्राम मात्र ओळख सापडत नाही म्हणून अडून बसतो, तो यामुळे.

सर्व्हिस अकाउंटची किल्ली जेसन फायलीच्या रूपाने उतरवून घेऊन तिचा पत्ता परिसर-चलात द्यावा, असा परिपाठ शिकवण्यांतून फार रुळला आहे. तो सोपा आहे, परंतु प्रस्तुत लेखकाच्या मते आरंभासाठी सर्वांत वाईट. अशी किल्ली मुळात मुदतीची नसते. ती ज्याच्या हाती पडेल त्याच्यापाशी रद्द होईपर्यंत अधिकार राहतो. आणि प्रोग्रामच्या फायलींबरोबर ती गिटहबसारख्या सार्वजनिक ठिकाणी जाऊन पडण्यास एक गाफील क्षण पुरतो. लॅपटॉपवर स्वतःच्या नावाचे लॉगिन आणि सर्व्हरवर यंत्राला जोडलेले अकाउंट एवढ्यावर बहुतेकांचे काम भागते.

ओळख पटली म्हणजे अधिकार मिळाला असे नव्हे. बिगक्वेरीत तक्ता वाचण्याचा अधिकार आणि प्रश्न चालविण्याचा अधिकार हे परस्परांहून भिन्न असून, पहिला ‘डेटा व्ह्यूअर’ या भूमिकेने विदासंचावर, म्हणजे तक्त्यांच्या गटावर, व दुसरा ‘जॉब यूजर’ या भूमिकेने प्रोजेक्टवर दिला जातो. विदा एका प्रोजेक्टात आणि तिच्यावरील प्रश्नाचा खर्च दुसऱ्या प्रोजेक्टाच्या खाती, अशी व्यवस्था यामुळेच शक्य होते. शेक्सपिअरच्या नाटकांतील शब्दांची गणना असलेला नमुन्याचा सार्वजनिक तक्ता कोणालाही वाचता येतो, तो याच न्यायाने. ४०३ या क्रमांकाचा नकार आला असता, दोहोंपैकी कोणता अधिकार उणा आहे हे बहुधा त्या संदेशातच लिहिलेले असते.

‘क्वेरी’ ही आज्ञा देताच उत्तर हाती येत नाही. हाती येते ते एक काम, म्हणजे ‘जॉब’. ‘रिझल्ट’ ही दुसरी आज्ञा ते काम संपेपर्यंत थांबते आणि मग ओळी एकामागून एक पुरविते. प्रत्येक कामाला लायब्ररी स्वतःच एक अद्वितीय क्रमांक देते, ज्यामुळे संपर्क तुटून तीच विनंती पुन्हा गेली तरी काम दुबार नोंदले जात नाही. वापरकर्त्याकडून आलेले शब्द एसक्यूएलच्या मजकुरात चिकटवू नयेत; त्यांसाठी पॅरामीटरची सोय आहे.

आता खर्चाविषयी. मागणीनुसार आकारणीच्या पद्धतीत शुल्क पडते ते वाचलेल्या विदेवर, परत आलेल्या ओळींवर नव्हे. म्हणून प्रचंड तक्त्यावर ‘सिलेक्ट’पुढे तारका घालून शेवटी ‘लिमिट १०’ लिहिणारा मनुष्य, दहाच ओळी पाहूनही, सामान्यतः संपूर्ण तक्त्याचे पैसे भरतो. दरमहा पहिला १ टेबिबाइट विनामूल्य असल्याने ही चूक आरंभी झाकून जाते, आणि पहिले बिल येते तेव्हा सवय पक्की झालेली असते. तक्ता स्तंभाधिष्ठित असल्याने नेमके हवे तेच स्तंभ मागणे हीच येथली काटकसर होय. लायब्ररीत त्यासाठी दोन उत्तम साधने आहेत: ‘ड्राय रन’ मागितल्यास प्रश्न प्रत्यक्ष न चालविता तो किती बाइट वाचील हे विनामूल्य कळते, आणि कमाल आकारणीची मर्यादा घातल्यास तीपलीकडे जाणारा प्रश्न चालतच नाही. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून घालावी. क्रेडिट कार्ड न देता वापरता येणारा ‘सँडबॉक्स’ही उपलब्ध आहे, त्यातील तक्ते ६० दिवसांनी आपोआप नाहीसे होतात.

विदासंच कोठे ठेवावयाचा हे तो निर्माण करितानाच ठरते, मागाहून ते ठिकाण बदलता येत नाही. काही न सांगितल्यास तो अमेरिकेत जातो. गूगलचे मुंबईतील केंद्र २०१७ साली सुरू झाले असून त्याचे सांकेतिक नाव ‘एशिया-साउथ१’ असे आहे. दिल्लीचे केंद्र २०२१ सालचे. मुंबईत चालविलेल्या कामाची पुढे क्रमांकाने चौकशी करावयाची झाल्यास क्रमांकाबरोबर ठिकाणही सांगावे लागते, अन्यथा काम व्यवस्थित पार पडलेले असूनही ४०४, म्हणजे सापडत नाही, असे उत्तर येते.

उत्तर लाखो ओळींचे असेल तर पानापानांनी ते आणणे फार मंद ठरते. त्यासाठी ‘स्टोरेज रीड एपीआय’ ही निराळी वाट असून तीवरून विदा अनेक प्रवाहांतून एकाच वेळी, ॲपाचे ॲरो या स्वरूपात येते आणि पायथनमधील पांडाज या लायब्ररीच्या डेटाफ्रेममध्ये त्वरेने उतरते. तिची लायब्ररी वेगळी स्थापावी लागते आणि अधिकारही वेगळा लागतो. नोड जेएस वापरणाऱ्याने आणखी एक दक्षता घ्यावी. बिगक्वेरीचे पूर्णांक ६४ बिटांचे असून आरईएसटी एपीआय ते मजकुराच्या रूपाने पाठवितो; जावास्क्रिप्टची साधी संख्या मात्र ९००७१९९२५४७४०९९१ यापलीकडे अचूक राहत नाही, तेव्हा मोठे ओळखक्रमांक असलेल्या तक्त्यांसाठी लायब्ररीतील पूर्णांक वेष्टित करून देण्याचा पर्याय आरंभीच चालू करावा.