वीज तर वाढली, पण कोणासाठी?

विकसनशील देशांची चर्चा निघाली की एक आलेख हमखास समोर येतो. आडव्या अक्षावर दरडोई वीजवापर, उभ्या अक्षावर दरडोई उत्पन्न, आणि देशांचे ठिपके कसे शिस्तीत वर चढत जातात! आलेख खोटा नाही. पण दोन आकडे सोबत वाढले म्हणजे एकामुळे दुसरा वाढला असं होत नाही, हे रोज सर्व्हरचे आलेख बघणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळं सांगायला नको. 'आधी वीज, मग प्रगती' या भरवशावर एका अख्ख्या देशाने डाव लावला होता. त्याची ही गोष्ट.

पश्चिम आफ्रिकेतला घाना १९५७ मध्ये स्वतंत्र झाला. क्वामे एन्क्रुमा यांना देश कोकोच्या एकाच पिकावरून उठवून कारखानदारीकडे न्यायचा होता. व्होल्टा नदीवर धरण बांधायचं आणि त्या विजेवर देशातल्याच बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिनियम बनवायचं, ही कल्पना ब्रिटिश अमदानीपासून कागदावर होतीच. एन्क्रुमांनी ती उचलली.

पण पैसा? निम्मा घानाने घातला, बाकीचा जागतिक बँक, अमेरिका आणि ब्रिटनकडून कर्जाऊ. आता एवढं कर्ज फिटायचं तर वीज घेणारं मोठं, खात्रीचं गिऱ्हाईक हवं. ते मिळालं अमेरिकेच्या कैसर कंपनीच्या रूपात. तिने रेनॉल्ड्स कंपनीला सोबत घेऊन तेमा बंदराजवळ 'वाल्को' हा अ‍ॅल्युमिनियमचा कारखाना काढला. गिऱ्हाईक एकच, त्यामुळे अटीही त्याच्याच. विजेचा दर युनिटला जेमतेम पाव अमेरिकन सेंट, तोही दीर्घ मुदतीसाठी बांधलेला. आणि खरी मेख पुढे आहे. कारखान्याने घानाचं बॉक्साइट घेतलंच नाही! अ‍ॅल्युमिना बाहेरून जहाजाने यायचा, घानाची वीज खायचा आणि अ‍ॅल्युमिनियम होऊन बहुतांशी परत बाहेर जायचा.

२२ जानेवारी १९६६ रोजी अकोसोंबो धरणाचं उद्घाटन झालं. महिनाभरात, २४ फेब्रुवारीला, लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली. धरण मात्र चालू राहिलं. देशाचा वीजवापर एकदम उंच गेला, कारण निम्म्याहून जास्त वीज एकटा वाल्को घ्यायचा. उत्पन्नाचं काय? १९७० ते १९८३ या काळात घानाचं दरडोई उत्पन्न चक्क घसरलं. त्याचा दोष धरणाला देता येणार नाही. कोसळलेलं कोको उत्पादन, बिघडलेलं चलन आणि एकामागून एक लष्करी उठाव, ही कारणं मोठी होती. पण नुसती वीज या सगळ्यावर उतारा ठरली नाही, एवढं नक्की.

आणि किंमत कोणी मोजली? धरणामागच्या सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरच्या तलावाने साधारण ८०,००० माणसं विस्थापित केली. त्यांच्यासाठी वसवलेल्या कित्येक गावांत वर्षानुवर्षं दिवाच नव्हता. हे वाचून आपल्याकडच्या धरणग्रस्तांची आठवण येतेच.

१९८३-८४ च्या दुष्काळात तलाव इतका आटला की कारखाना बंद ठेवावा लागला. १९८५ मध्ये नवा करार होऊन दर कित्येक पटींनी वाढला. १९८९ मध्ये सरकारने गावोगावी वीज पोचवायची योजना सुरू केली, आणि आज बहुसंख्य घरांत वीज आहे. तीही भरवशाची असेलच असं नाही. २०१२ नंतरच्या भारनियमनाला तिथल्या लोकांनी नाव ठेवलं 'दुमसोर', म्हणजे विझव-पेटव. आपल्या 'लाईट गेली, लाईट आली'चा सख्खा भाऊ!

थोडक्यात, अकोसोंबो फसलं असं मी म्हणणार नाही. त्या धरणाने घानाला कित्येक दशकं स्वस्त वीज दिली. पण वाल्कोने वापरलेलं युनिट आणि शिंप्याच्या दुकानात वापरलेलं युनिट त्या आलेखावर सारखंच दिसतं. पहिल्यातून देशाला मिळालं थोडं वीजबिल आणि काही नोकऱ्या. दुसऱ्यातून जे मिळतं ते तिथेच राहतं.

असो. पुढच्या वेळी कोणी तो आलेख दाखवला, तर वीज कोण वापरतंय आणि कुठल्या दराने, एवढं जरूर विचारा.