पुण्याचे नासासंधान आणि ऊतक-अभियांत्रिकी

तुटलेला किंवा नष्ट झालेला अवयव पुन्हा घडविण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास सांगताना आपल्याकडे दोन टोकांची विधाने केली जातात. एका पक्षाच्या मते आजच्या ऊतक-अभियांत्रिकीचे सर्व ज्ञान प्राचीन भारतीयांस अवगत होते. दुसऱ्या पक्षाच्या मते हे शास्त्र सर्वस्वी पाश्चात्त्य असून येथील परंपरेशी त्याचा काहीएक संबंध नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची नोंद बारकाईने वाचली असता ही दोन्ही विधाने टिकत नाहीत. खरा संबंध आहे, परंतु तो निराळ्या ठिकाणी आहे.

ही नोंद लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पत्ररूपाने छापली गेली. तीतील वृत्तांत असा: कावसजी नावाचा शेतकरी जातीचा एक मराठा इंग्रज सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. १७९२ मध्ये संपलेल्या म्हैसूरच्या युद्धात तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेस येऊन मिळाला व कंपनी सरकारचा निवृत्तिवेतनधारक झाला. सुमारे बारा महिने नाकावाचून काढल्यावर पुण्याजवळील विटा पाडणाऱ्या जातीच्या एका मनुष्याने त्यास नवे नाक बसविले. या क्रियेच्या कृतीचे वर्णन थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या मुंबईच्या दोन शस्त्रवैद्यांनी ती प्रत्यक्ष पाहिल्याच्या आधारे दिले आहे. नाना फडणीस व सवाई माधवराव यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स याने जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, कावसजीचेही चित्र काढले.

क्रियेची रीत येणेप्रमाणे होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून त्यास नाकाचा आकार दिला जाई. मग तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवीत व त्याच्या कडेने रेघ ओढीत. तेवढी त्वचा सोडवून घेताना दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी मात्र न कापता राखीत. नाकाच्या जुन्या व्रणाची कड खरवडून ताजी करीत, तिच्यामागे चीर देत आणि कपाळाची त्वचा अर्धा पीळ देऊन खाली आणून त्या चिरेत बसवीत. सांधा पक्का राहावा म्हणून पाण्यात कालवलेला कात कापडाच्या पट्ट्यांना लावून पाचसहा पट्ट्या एकावर एक ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड लावीत. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. डोळ्यांमधील पट्टी पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास कापली जाई. यांतील एकही वस्तू दुर्मिळ नव्हती. ज्या खैरापासून कात निघतो तो वृक्ष सातपुड्याच्या व खानदेशातील इतर कोरड्या रानांतही वाढतो. जामनेरसारख्या गावातील कोणत्याही पानदानात तो मिळावा.

या सर्व कृतीचा प्राण म्हणजे डोळ्यांमधील ती पट्टी होय. पत्रलेखकानेही हे ओळखले आहे. नवा भाग जुन्या भागाशी एकजीव होईपर्यंत त्यातील रक्ताभिसरण या पट्टीमुळे चालू राहते, असे त्याने लिहिले आहे. भुवयांच्या आतल्या टोकापाशी वर चढणारी धमनी कपाळाच्या त्या त्वचेस रक्त पुरविते, हे आज शरीररचनाशास्त्र सांगते. विटा पाडणाऱ्या त्या कारागिरास धमनीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंतु त्वचा पुरती तोडली तर ती मरते व पंचवीस दिवसांपूर्वी पट्टी तोडणे धोक्याचे, एवढे नेमके ज्ञान त्याच्या हातात होते.

हे ज्ञान ग्रंथातून आले काय? सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात नासासंधानाचा विधी आहे. तेथे माप मेणाने नव्हे तर झाडाच्या पानाने घ्यावयाचे आहे आणि त्वचा कपाळाची नव्हे तर गालाची घ्यावयाची आहे. 'बद्ध' या पदाचा अर्थ 'जोडून ठेवलेला' असा घेतल्यास त्वचा गालापासून न तोडण्याची सूचना तेथेही दिसते. म्हणजे तत्त्व एक असले तरी कृती भिन्न आहे. तेव्हा पुण्याची क्रिया म्हणजे सुश्रुताच्या पाठाची केवळ पुनरावृत्ती नव्हे. मधल्या काळात कोणीतरी गाल सोडून कपाळ निवडले. आणि ही निवड कारागिरांच्या परंपरेत टिकून राहिली.

नोंदीतील शब्दही तपासण्याजोगे आहेत. 'कावसजी' हे नाव पारशी समाजात रूढ आहे, आणि पत्र तर त्यास मराठा शेतकरी म्हणते. इंग्रजी कानाने कोणते मराठी नाव ऐकले असेल, याचा निर्णय एवढ्या पुराव्यावर करता येत नाही. अलीकडील लेखनात शस्त्रक्रिया करणारास सर्रास 'कुंभार' म्हटले जाते. मूळ पत्रात केवळ विटा पाडणाऱ्या जातीचा एवढाच उल्लेख असून मराठी जातिनाम दिलेले नाही. रुग्णाचे नाव आहे, साक्षीदारांची आहेत, चित्रकाराचे आहे. ज्याच्या हाताने नाक घडले त्याचे मात्र नाही. पुढे या रीतीस युरोपात 'भारतीय पद्धती' हे नाव पडले, आणि एका देशाच्या नावाखाली त्या माणसाचे नाव कायमचे झाकले गेले.

या पत्रातून स्फूर्ती घेऊन जोसेफ कार्प्यू याने लंडनमध्ये १८१४ साली अशी पहिली शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. १८१८ मध्ये ग्रेफे याचा जर्मन ग्रंथ निघाला. बोलोन्याच्या टाल्याकोत्सीने १५९७ च्या ग्रंथात दंडाच्या त्वचेने नाक करण्याची रीत दिली होती, परंतु ती दीर्घकाळ मागे पडली होती.

ऊतक-अभियांत्रिकीचा प्रश्न याहून वेगळा आहे. तीत शरीरातील त्वचा जागेवरून हलवावयाची नसून, थोड्या पेशी घेऊन त्या शरीराबाहेर वाढवावयाच्या व योग्य आधारजालावर त्यांचे ऊतक बनवावयाचे असते. राइनवॉल्ड व ग्रीन यांनी १९७५ मध्ये मानवी त्वचेच्या पेशी मोठ्या प्रमाणावर वाढविण्याची रीत दिली. १९९३ मध्ये लँगर व व्हॅकँटी यांच्या लेखाने या विद्येची दिशा मांडली. पेशींचे संवर्धन ही कल्पना सुश्रुतातही नाही व पुण्यातही नाही. म्हणून प्राचीनत्वाचा दावा येथे निराधार ठरतो.

तथापि अडचण जुनीच राहिली. रक्तवाहिनीपासून मिलिमीटरच्या एकदोन दशांशांपलीकडे असलेल्या पेशींस प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. त्यामुळे जाड ऊतक प्रयोगशाळेत वाढविले तरी ते शरीरात जगविणे कठीण जाते. २०१४ मध्ये बाझेल येथील शस्त्रवैद्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहे. त्वचेच्या कर्करोगामुळे नाकपुडीचा भाग काढावा लागलेल्या पाच रुग्णांच्या नाकाच्या पडद्यातून कूर्चेच्या पेशी घेण्यात आल्या. त्या वाढवून सुमारे चार आठवड्यांत नवी कूर्चा तयार करण्यात आली व ती नाकपुडीत बसविली गेली. परंतु तिच्यावरचे आच्छादन प्रयोगशाळेतील नव्हते. ते कपाळावरून किंवा नाकाशेजारच्या गालावरून जिवंत सांध्यासह वळविलेल्या त्वचेचे होते. नव्या कूर्चेस आधार देण्यास सुश्रुताचा गाल आणि पुण्याचे कपाळ, दोन्ही तेथे उपस्थित होते.

सारांश, पुण्याच्या कारागिराने भविष्यातील शास्त्र जाणले होते असे म्हणणे अनैतिहासिक आहे. त्याचे काम इतिहासजमा झाले असे म्हणणेही तितकेच चुकीचे आहे. जिवंत ऊतकास रक्ताचा मार्ग तुटता कामा नये, हा त्याने एका चिंचोळ्या पट्टीत सांभाळलेला नियम आजही या विद्येची मर्यादा ठरवितो. त्या परंपरेचा गौरव करावयाचा तर याच एका नेमक्या गोष्टीसाठी करावा. आणि तो करताना, ज्याचे नाव कोणी विचारले नाही, त्या माणसाची जागा इतिहासात रिकामी म्हणूनच स्पष्टपणे दाखवावी.