हलगी : हुकमाची आणि विद्रोहाची

मराठी संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यांनी घराणी मोजली, बंदिशी मोजल्या. गावकुसाबाहेरची हलगी मात्र 'लोकवाद्य' या एका शब्दात गुंडाळली. ती कोणी वाजवायची, कोणाच्या दारात वाजवायची आणि वाजविणाऱ्याने कोठे उभे राहायचे, हे जातिव्यवस्थेने ठरविले होते. लग्न पाटलाचे असो की पालखी ग्रामदेवतेची, मांगाने पुढे चालत हलगी वाजवायची आणि मंडपाबाहेर, देवळाबाहेर थांबायचे. कला त्याची, हुकूम दुसऱ्याचा. म्हणून या वाद्याचे काय करायचे, हा प्रश्न सामाजिक इतिहासाचा आहे.

मी शेंद्र्याचा. औद्योगिक वसाहत येण्याआधी हे गाव मांगीरबाबाच्या यात्रेमुळे लोकांना ठाऊक होते. नवसासाठी अंगात गळ टोचून घेणारी माणसे आणि त्यांच्यापुढे घुमणारी हलगी मी लहानपणी पाहिली आहे. माझे आजोबा हलगी वाजवीत. वडिलांनी ती आढ्याला टांगली आणि आम्हांला शाळेत घातले. वडिलांचा तो नकार नसता तर आज मी इतिहास शिकवीत नसतो. पण नकार हाच शेवटचा शब्द आहे काय?

येथे जमैकाचा इतिहास उपयोगी पडतो. त्या बेटावर उसाच्या मळेवाल्यांनी गुलामांच्या ढोलांवर कायद्याने निर्बंध घातले. ढोलाच्या इशाऱ्यावर बंडखोर जमतात याचे त्यांना भय होते. १८३८ मध्ये गुलामी पूर्णपणे संपली, दारिद्र्य संपले नाही. १९३० नंतर रास्ताफारी पंथाच्या लोकांनी ढोल आपल्या उपासनेत घेतला आणि १९६० नंतरच्या दशकात किंग्स्टनच्या झोपडपट्ट्यांतून रेगे संगीत उभे राहिले. बॉब मार्लेच्या १९८० मधील 'रिडेम्प्शन साँग'मध्ये मार्कस गार्वी या कृष्णवर्णीय नेत्याच्या १९३७ मधील भाषणातले विचार आले आहेत. अमेरिकेत १९६८ साली जेम्स ब्राऊनने सोल संगीतातून काळेपणाचा अभिमान उघडपणे मांडला. नेत्याचा विचार गाण्यातून वस्तीत पोहोचतो, हे आपल्याला नवे नाही.

पण एक फरक नीट ध्यानात घेतला पाहिजे. तेथे ढोल हिरावून घेतला गेला. येथे तो गळ्यात अडकविला गेला. म्हणून तेथे वाजविणे हाच विद्रोह होता, तर येथे न वाजविणे हा पहिला विद्रोह ठरला. गावकीची कामे सोडण्याची हाक बाबासाहेबांच्या चळवळीने दिली, त्यामागचे मर्म हेच.

दुसरे पाऊल जलशाने टाकले. सत्यशोधकांनी तमाशाचा बाज घेऊन त्यात नवा विचार भरला होता. १९३० च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. वामनदादांनी हयातभर भीमगीते लिहिली आणि गायिली. वाद्ये आपलीच होती, श्रोता बदलला. पाटलाच्या दारात नव्हे, आपल्या वस्तीच्या मध्यभागी शाहीर उभा राहिला. या विचाराने महार-मांगांना एका मांडवात आणले. नामांतराच्या लढ्यात ४ ऑगस्ट १९७८ रोजी टेंभुर्णीत प्राण देणारे पोचीराम कांबळे मातंगच होते.

या परंपरेला किंमत मोजावी लागली आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाईनगरात गोळीबारात १० माणसे मारली गेली. त्यानंतर चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. गुजरातच्या हिंसाचारानंतर २००२ मध्ये पुण्यात कबीर कला मंच उभा राहिला. त्याच्या शीतल साठे आणि सचिन माळी यांनी २ एप्रिल २०१३ रोजी विधान भवनासमोर स्वतःला पोलिसांच्या स्वाधीन केले. माळींना जामीन मिळाला तो २०१७ मध्ये. सप्टेंबर २०२० मध्ये मंचाच्या तिघांना एल्गार परिषद प्रकरणी अटक झाली. रेगेला युनेस्कोने २०१८ मध्ये मानवजातीचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान दिला. आपल्या शाहिरांचा वारसा मात्र आरोपपत्रांतून वाचावा लागतो.

माझ्या वर्गातली मुले शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळी करून शिकतात. जयंतीला त्यांच्या वर्गणीतून डीजे येतो. त्याच्या आवाजात छाती हादरते, पण शब्द ऐकू येत नाहीत. आणि ज्या गाण्यातले शब्द ऐकू येत नाहीत, त्याचे व्यवस्थेला भय वाटत नाही. "सर, हलगी पुन्हा हातात घेतली तर आपण मागे जातो का?" असे एकाने विचारले. मी म्हणालो, कातड्याला जात नसते. हुकूम कोणाचा आणि शब्द कोणाचे, एवढे आधी तपास. दोन्ही तुझे असतील, तर आढ्यावरची हलगी खाली काढ आणि तापवायला घे.