बर्फावरचा पहिला तास आणि इंग्रजीत उतरलेले पाहुणे

विटीदांडूच्या डावात 'वकट, लेंड, मुंड, नाल' असे ओरडणाऱ्या मुलाला आपण तेलुगू बोलत आहोत, याची सुतराम कल्पना नसते. ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु म्हणजे तेलुगूतील एक, दोन, तीन, चार. प्रत्येक आकड्याला विटी मारण्याची एक वेगळी तऱ्हा जोडलेली असते आणि त्या तऱ्हेसह शब्द अंगवळणी पडतो. कोश नाही, व्याकरण नाही, छडी नाही. परभाषेतील अंकमाला खेळाच्या वाटेने मराठी अंगणात आली आणि पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

आजचा धागा असाच, पण फार दूरच्या अंगणातला. अमेरिकेतील बर्फाळ उतारावर स्नोबोर्डिंगच्या पहिल्या धड्यात तासाभरात दहा-पंधरा इंग्रजी शब्द कानी पडतात आणि ते विसरणे अवघड जाते, कारण प्रत्येकाच्या जोडीला एखादी आपटी असते. या शब्दांचे मूळ शोधू लागलो की इंग्रजी मागे पडते आणि नॉर्वे, ऑस्ट्रिया, हवाई व कॅलिफोर्निया एकामागून एक समोर येतात. क्षणभर आपला मद्रास किनाराही दिसतो.

धड्याचा पहिला प्रश्न असतो: तुम्ही 'रेग्युलर' की 'गूफी'? फळीवर दोन्ही पाय आडवे बांधायचे असतात. डावा पाय पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. ज्याला ठाऊक नाही त्याला शिक्षक पाठीमागून हलकेच ढकलतो; तोल सावरायला जो पाय आपोआप पुढे पडतो, तो त्याचा पुढचा पाय. 'गूफी'चा कोशातील अर्थ बावळट, वेडगळ. बर्फावर मात्र त्यात हेटाळणी उरत नाही. आपण एखाद्याला डावखुरा म्हणतो, तितक्या सहजपणे तो शब्द उच्चारला जातो. डिस्नेच्या त्याच नावाच्या कुत्र्यावरून हा शब्द आला, अशी गोष्ट हौसेने सांगितली जाते. परंतु कुत्रा पडद्यावर येण्यापूर्वीच शब्द इंग्रजीत रुळलेला होता. बर्फावर तो आला लाटांवर फळी चालवणाऱ्या सर्फर मंडळींकडून.

या 'सर्फ' शब्दाची कथा तर अधिकच चमत्कारिक आहे. लाटेवर उभे राहून घसरण्याची कला हवाई बेटांवरील लोकांची. त्यांच्या भाषेत तिला 'हेए नालु' म्हणतात. किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटांसाठी इंग्रजीने वापरलेला 'सर्फ' हा शब्द मात्र सतराव्या शतकात प्रथम हिंदुस्थानच्या किनाऱ्याच्या संदर्भात आढळतो. म्हणूनच काही कोशकारांना त्याचे मूळ भारतीय असावे असा संशय आहे. मद्रासला त्या काळी बंदर नव्हते. जहाजे दूर नांगरून ठेवायची आणि शिवलेल्या फळ्यांच्या 'मसुला' होड्यांतून खवळलेल्या लाटा ओलांडत उतारू किनारी आणायचे, अशी रीत होती. ज्यांनी ते उतरणे अनुभवले, त्यांना त्या लाटांसाठी स्वतंत्र शब्द लागला असल्यास नवल नाही.

आता बर्फाकडे वळू. खुद्द 'स्की' हा शब्द नॉर्वेचा. फाडलेल्या लाकडाचा तुकडा हा त्याचा जुना अर्थ. 'स्लालम' हाही तिकडचाच: 'स्ला' म्हणजे उतरता, 'लोम' म्हणजे माग. टेलेमार्क प्रांतातील मोर्गेदालसारख्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकात सोंद्रे नोरहाइम आणि त्याचे सोबती अडथळ्यांना वळसे घालीत उतरायचे, तेव्हाची ही बोली. स्लालमला शर्यतीचे आधुनिक रूप १९२२ साली स्वित्झर्लंडमधील म्युरेन येथे आर्नल्ड लन या इंग्रज गृहस्थाने दिले. लन यांचा जन्म १८८८ सालचा, मद्रासचा! वडील तेथे मिशनरी होते. योगायोगापलीकडे यात काही नाही, पण असे योगायोग मला सोडवत नाहीत.

बर्फावरील 'धडा' या कल्पनेचे श्रेय मुख्यतः ऑस्ट्रियातील सांक्ट आंतोनच्या हान्नेस श्नायडरला जाते. त्याने शिकवण्याची पायरीवार पद्धत बसवली. आधी 'स्नोप्लाऊ': दोन्ही स्कींची टोके जवळ आणि मागचे भाग फाकवून, बर्फ हटवणाऱ्या नांगरासारखा आकार करून वेग रोखायचा. मग वळणे, मग 'क्रिस्टी'. क्रिस्टी हे क्रिस्तियानियाचे लघुरूप, आणि क्रिस्तियानिया हे ऑस्लो नगराचे जुने नाव. १९२५ साली नगराने ते टाकले. स्कीच्या वळणात ते उरले आहे.

मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केला आणि नाझींचा विरोधक असलेल्या श्नायडरला अटक झाली. अमेरिकन बँकर हार्वी गिब्सन यांनी खटपट करून त्याला सोडवले आणि १९३९ च्या आरंभी तो न्यू हॅम्पशायरमधील नॉर्थ कॉन्वे गावी येऊन शिकवू लागला. त्याचे काही शिष्य त्याच्या आधीच तेथे पोहोचले होते. 'गुडघे वाकवा' ही त्यांची जर्मन वळणाच्या इंग्रजीतील आज्ञा अमेरिकेत विनोदाचा विषय झाली. पण एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. बर्फाची इंग्रजी जन्मजात इंग्रजी बोलणाऱ्या अमेरिकनांना शिकवणारे हे गुरुजी स्वतः त्या भाषेत नवखे होते. शब्द तोकडा पडला की ते करून दाखवायचे आणि काम भागायचे.

या साऱ्या पद्धतीला १९६५ च्या नाताळात एका बापाने नकळत सुरुंग लावला. मिशिगनमधील मस्कीगन गावच्या शर्मन पॉपेन या अभियंत्याने मुलींच्या करमणुकीसाठी दोन स्की शेजारी शेजारी जोडून एक रुंद फळी केली. तिच्यावर लाटेवर उभे राहावे तसे आडवे उभे राहायचे. पत्नीने 'स्नो' आणि 'सर्फर' एकत्र करून तिचे नाव ठेवले 'स्नर्फर'. पुढे ती बाजारात आली, खपली, तिच्या स्पर्धाही भरू लागल्या. १९७९ च्या स्पर्धेत जेक बर्टन कार्पेंटर हा तरुण पाय बांधण्याची सोय असलेली स्वतःची फळी घेऊन उतरला. ही स्नर्फर नव्हेच, अशी तक्रार झाली. अखेर त्याच्यासाठी वेगळा गट काढावा लागला. 'स्नर्फर' हे नाव व्यापारचिन्ह म्हणून राखीव होते. इतर कारागिरांना ते वापरता येईना. त्यामुळे जगभर पसरला तो 'स्नोबोर्ड' हा साधा, कुणाच्याही मालकीचा नसलेला शब्द. नाव राखून ठेवले आणि तेच मागे पडले.

या नव्या फळीवर श्नायडरची परिभाषा निरुपयोगी होती. दोन्ही पाय एकाच फळीला जखडल्यावर स्नोप्लाऊ करणार कसा? मग नवे शब्द आले. टाचेकडची कड 'हीलसाइड', बोटांकडची 'टोसाइड'. कडेवर भार ठेवून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे तिरके घसरत उतरणे म्हणजे 'फॉलिंग लीफ', गळते पान. झाडावरून पान खाली येताना पाहिलेल्या माणसाला याहून अधिक सांगावे लागत नाही. 'फॉल लाइन' म्हणजे पडण्याची रेषा नव्हे, तर ओतलेले पाणी ज्या वाटेने सरळ खाली जाईल ती वाट. 'कॅच अॅन एज' हा सर्वांत फसवा प्रयोग: शब्दशः पाहता आपण कड पकडतो, प्रत्यक्षात उताराकडची कड बर्फात रुतते आणि आपण क्षणात आडवे होतो. कोशात हा अर्थ वाचून जितका कळतो, त्याहून खूप लवकर तो पाठीला कळतो.

कसरतींचे शब्द काँक्रीटवरून आले. १९७६-७७ च्या अवर्षणात कॅलिफोर्नियातील पोहण्याचे तलाव कोरडे पडले आणि चाकांच्या फळ्या घेऊन पोरे त्यांत उतरली. अर्ध्या नळासारखी 'हाफपाइप' ही घडणही त्याच दशकातील स्केटबोर्डवाल्यांची. १९७९ च्या सुमारास टाहो सिटीच्या कचरा टाकण्याच्या जागेजवळ बर्फात तसाच आकार सापडला आणि शब्द बर्फावर आला. हात न लावता फळीसह उडी मारणे म्हणजे 'ऑली'; हे फ्लोरिडातील अॅलन गेलफंड या स्केटबोर्डपटूचे टोपणनाव.

स्कीवाल्यांना हे पाहुणे रुचले नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या आरंभी बहुतेक केंद्रांनी स्नोबोर्डला दार बंद ठेवले. विमा, सुरक्षितता ही कारणे दिली जात. पेहराव आणि भाषाही खुपत होती. बंदी हळूहळू उठली, तरी युटातील अल्टा व डीअर व्हॅली आणि व्हरमाँटमधील मॅड रिव्हर ग्लेन येथे ती टिकून राहिली. अल्टाची जमीन सरकारी वनखात्याची आहे म्हणून काही जण न्यायालयातही गेले. २०१६ साली अपिलातही ते हरले. स्नोबोर्डवाले आपसांतही भांडतच होते. १९८३ साली टॉम सिम्सने सोडा स्प्रिंग्जच्या स्पर्धेत हाफपाइप ठेवला, तेव्हा बर्टनच्या गटाने त्यावर आक्षेप घेतला. उतारावरची शर्यत खरी की स्केटबोर्डची कसरत, हा तो वाद होता.

१९९८ साली नागानो येथे स्नोबोर्डिंग ऑलिंपिकमध्ये गेले, तेही आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या छत्राखाली. खेळाडूंची स्वतःची स्नोबोर्ड संघटना असताना कारभार स्कीवाल्यांकडे सोपवल्याच्या निषेधार्थ हाफपाइपमधील त्या काळचा अग्रगण्य खेळाडू टेर्ये हाकॉनसन नागानोला गेलाच नाही. हा टेर्ये नॉर्वेचा, टेलेमार्क प्रांतातील विन्ये येथला. ज्या मुलखाने स्कीवाल्यांना 'स्लालम' हा शब्द दिला, त्याच मुलखातला. हाफपाइपमधील एका उलट्या उडीला त्याच्यावरून 'हाकन फ्लिप' म्हणतात, आणि ती शिकू पाहणाऱ्या पोरांना हे नॉर्वेजियन नाव इतर इंग्रजी शब्दांसोबतच पाठ करावे लागते.