रिकाम्या चाळी, भरलेलीं बिऱ्हाडें

सरकारनें बांधून दिलेल्या घरांत माणूस समाधानानें केव्हां राहतो, या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं मुंबईकरांस दूर जावयास नको. वरळी, नायगांव, शिवडी आणि पूर्वीचा डिलाईल रोड येथील बी. डी. डी. चाळींचा इतिहास त्यासाठीं पुरेसा आहे.

पहिलें महायुद्ध संपलें तेव्हां गिरणगांवांत एकेका खोलींत माणसें दाटीवाटीनें राहत होतीं. गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड यांच्या सरकारनें १९२० सालीं एक स्वतंत्र विकास खातें काढलें आणि आठ वर्षांत ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. पैसा उभारण्यासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या गांठीवर एक रुपया कर बसविला. प्रत्यक्षांत २०७ चाळी झाल्या. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर मधून बोळ, त्याच्या दुतर्फा दहा-दहा खोल्या, खोली १६० चौरस फुटांची आणि शौचकूप सामाईक. सर्व मिळून खोल्या सुमारें साडेसोळा हजार.

नवल असें कीं, घरांचा एवढा दुष्काळ असतांहि यांतल्या हजारों खोल्या कित्येक वर्षें रिकाम्या पडल्या. वरळी त्या काळीं एका बाजूस होती. गिरणी दूर, बाजार दूर, उधारी देणारा ओळखीचा वाणी दूर, आणि भाडें कामगाराच्या मिळकतीस जड. नकाशा आंखणाऱ्यांनीं भिंतींचा हिशेब केला होता; रोजच्या पायपिटीचा नव्हे. कामगारानें लालबाग-परळची गर्दीच पत्करली. पुढें सविनय कायदेभंगाच्या काळांत सरकारनें वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. गरिबांसाठीं बांधलेल्या घरांवर याहून कठोर टीका कोणत्या टीकाकारानें केली असती?

कालांतरानें भाडीं उतरलीं, शहर वरळीपर्यंत येऊन भिडलें, दुसऱ्या महायुद्धानें मुंबईची वस्ती फुगविली आणि चाळी भरल्या. येथें मला श्रोत्यांचें लक्ष वेधावयाचें आहे. खोली तसूभरहि वाढली नव्हती. तरीहि जेथें यावयास माणूस तयार नव्हता, तेथून पुढें तीन-तीन पिढ्या हलल्या नाहींत. भाडें परवडूं लागलें, काम जवळ आलें आणि उद्यां कोणी घराबाहेर काढील ही धास्ती राहिली नाहीं. शिवाय ज्या बोळाला इंजिनियरानें केवळ जाण्यायेण्याची वाट मानलें होतें, त्या बोळाचेंच अंगण झालें. पाळीवर जाणारी आई लेकरूं शेजारणीच्या हवालीं करून निश्चिंत निघे. चौकांत गणपति बसे, आंबेडकर-जयंती होई, संध्याकाळीं कबड्डी रंगे.

या चित्रांत गोडवा भरणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. सामाईक शौचकूपापाशीं पहांटे रांगेंत उभें राहण्याचा जाच बायकांनीं पिढ्यानपिढ्या सोसला. आणि १९७४ च्या जानेवारींत वरळीच्या याच चाळींत जातीय दंगल पेटली. एका छपराखालीं राहिल्यानें शेजारधर्म आपोआप उपजत नाहीं, ही गोष्ट त्या दिवसांनीं शिकविली.

२०१७ सालीं या चाळींच्या पुनर्विकासाचा नारळ फुटला, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्यें वरळींतील पहिल्या रहिवाशांच्या हातीं ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या आल्या. १६० फुटांत संसार केलेल्या म्हातारीला स्वतःची न्हाणी आणि स्वतःचें शौचकूप लाभावें, याहून न्याय्य तें काय? परंतु शंभर वर्षांपूर्वींचा धडा विसरतां कामा नये. नव्या उंच इमारतीच्या देखभालीचा खर्च तिला दरमहा झेपेल काय? दार उघडतांच एखादा ओळखीचा चेहरा दिसेल काय? मुलांना खेळावयास मोकळी जागा उरेल काय? या प्रश्नांची होकारार्थी उत्तरें मिळालीं, तरच तीं घरें खऱ्या अर्थानें भरलीं असें म्हणतां येईल. १९२० च्या अधिकाऱ्यांनीं हे प्रश्न राहणाऱ्यांस विचारले नव्हते, आणि त्याचें उत्तर त्यांना रिकाम्या खोल्यांनीं दिलें.