बार किती भरावा?

मराठीत ‘दारू’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक बाटलीतला आणि दुसरा बंदुकीतला. पहिल्या अर्थाच्या दारूवर आमच्या धर्मगुरूंनी व समाजसुधारकांनी पुष्कळ लिहिले आहे, तेव्हा त्यात भर घालण्याचा आमचा विचार नाही. दुसऱ्या अर्थाच्या दारूविषयी मात्र ख्रिस्ती वाचकाने थोडे जाणून घ्यावे असे आम्हांस वाटते. ‘किती?’ हा साधा प्रश्न तिच्या बाबतीत सुमारे चारशे वर्षे मोठमोठ्या बुद्धिमंतांना छळीत होता, आणि त्याचे उत्तर शोधणाऱ्यांपैकी काहींच्या सदसद्विवेकबुद्धीलाही त्याने स्वस्थ बसू दिले नाही.

ठासणीची बंदूक आमच्या कोकणपट्टीतील शेतकऱ्याला अपरिचित नाही. रानडुकरांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी परवान्याची अशी बंदूक अनेक घरांतून बाळगली जात असे. तिची रीत ठाऊक नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. नळीच्या तोंडातून प्रथम मोजलेली दारू ओतायची, तिच्यावर गोळी ठेवायची, गजाने दोन्ही तळाशी ठासायची आणि मग कानापाशी ठिणगी पाडायची. नळीला आतून पेचदार खाचा असतील, म्हणजे ती रायफल असेल, तर गोळी वंगण लावलेल्या चिंधीत गुंडाळून ठासतात. चिंधी खाचांत घट्ट बसते आणि गोळी गरगर फिरत सरळ बाहेर पडते. आजच्या काडतुसात दारूचे माप कारखानदार ठरवतो. ठासणीच्या बंदुकीत ते प्रत्येक बाराला बंदुकवाल्यानेच ठरवायचे असते. (‘काडतूस’ हा शब्दही आम्हांला पोर्तुगिजांनी दिला, हे जाता जाता नमूद करतो.)

काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा व गंधक यांचे मिश्रण. स्थूलमानाने शंभरात पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक. आरंभी ही तिन्ही द्रव्ये कुटून त्यांची नुसती भुकटी वापरीत. ती गाडीच्या हादऱ्यांनी पुन्हा वेगवेगळी होई आणि दमट हवेत निकामी ठरे. पंधराव्या शतकात युरोपात ओली दारू मळून तिचे दाणे पाडण्याची युक्ती रूढ झाली. दाण्यांमधील फटींतून ज्योत झरझर पसरते, त्यामुळे दाणेदार दारूचा जोर पुष्कळच वाढला. पूर्वी गोळ्याच्या वजनाइतकी दारू भरणारा गोलंदाज तेच माप नव्या दारूला लावू लागला तर तोफ फुटून तोच प्राणास मुके. मापाचा प्रश्न खऱ्या अर्थाने तेव्हा उभा राहिला.

धोक्याच्या या धंद्यात माणसाने संतांचा आधार शोधावा यात नवल नाही. संत बार्बारेला तिच्या पित्यानेच ठार केले आणि तत्क्षणी वीज कोसळून तो भस्म झाला, अशी आख्यायिका आहे. विजेशी असलेल्या या संबंधामुळे गोलंदाज, खाणकामगार व सुरुंग लावणारे तिला आपली आश्रयदाती मानू लागले. फ्रेंच जहाजांवरील दारूच्या कोठीला ‘सेंत-बार्ब’ असेच नाव पडले. १९६९ साली रोमन पंचांगातून तिचा सण वगळण्यात आला, तरी ४ डिसेंबरला तिचे स्मरण करणारे खाणकामगार व सैनिक आजही आहेत. तोड्याच्या बंदुकीच्या काळातील शिपाई छातीवर एक पट्टा घालीत. त्याला लाकडाच्या लहान डब्या लोंबत आणि प्रत्येक डबीत एका बाराची मोजलेली दारू असे. अशा डब्या बहुधा बारा असत, म्हणून इंग्रजीत त्यांना ‘बारा प्रेषित’ हे नाव मिळाले. शांतीची सुवार्ता घेऊन निघालेल्या बारांचे नाव बंदुकीच्या दारूला मिळावे, हा इतिहासाचा विचित्र विनोद म्हणावा लागेल.

मापाच्या शास्त्राची पहिली पायरी घातली ती इटलीतील निकोलो तार्ताल्या याने. १५१२ साली फ्रेंच सैन्याने ब्रेशा शहर लुटले तेव्हा हा बालक आपल्या माणसांसह तेथील महामंदिरात आश्रयाला गेला होता. शिपायांनी त्या पवित्र जागीही तलवार चालवली आणि त्याचा जबडा व टाळू चिरला. तो वाचला, पण जन्मभर अडखळत बोलू लागला. ‘तार्ताल्या’ म्हणजे बोबडा, आणि हेच नाव त्याने अभिमानाने धारण केले. १५३१ साली वेरोना येथे एका गोलंदाजाने त्याला विचारले, तोफ किती उंच धरली असता गोळा सर्वांत दूर जाईल? त्याने पंचेचाळीस अंश असे उत्तर दिले आणि तेथून तो या विषयात शिरला. गोळा व दारू यांच्या प्रमाणाचाही तो विचार करू लागला. पुढे त्याच्या मनात आले, की मनुष्यजातीच्या, त्यातही ख्रिस्ती बांधवांच्या, संहाराची कला पूर्णत्वास नेणे हे निंद्य कर्म होय. आपली टिपणे त्याने फाडून जाळून टाकली. १५३७ साली मात्र त्याच विषयावरचा त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या अर्पणपत्रिकेत तो ही सारी हकीकत सांगतो आणि खुलासा करतो, की तुर्कांचे संकट ख्रिस्ती कळपावर चालून येत असता ही विद्या लपवून ठेवणे आता योग्य नाही.

तार्ताल्याच्या या अर्पणपत्रिकेवर आम्ही पुनःपुन्हा थांबतो. ज्याने महामंदिरात तलवारीचा घाव सोसला त्याला शस्त्र म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको होते. तरी भयाने, किंवा स्वकीयांच्या प्रेमाने म्हणा, त्याने जाळलेले पुन्हा लिहिले. त्याच्यानंतरच्या प्रत्येक शतकात शस्त्रविद्येने हेच समर्थन पुढे केले आहे आणि प्रत्येक वेळी ‘तुर्क’ मात्र निराळा होता.

प्रयोगाने उत्तर मिळण्यास आणखी दोनशे वर्षे लागली. मधल्या काळात दारूचा कस पाहण्याच्या पद्धती निघाल्या. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८६ साली फर्मान काढले, की तीन औंस दारूने साठ पौंडांचा गोळा किमान पन्नास त्वाझ, म्हणजे सुमारे सत्त्याण्णव मीटर, फेकला पाहिजे. अन्यथा ती दारू स्वीकारू नये. एका घाण्याची दारू दुसऱ्यासारखी नसेल तर मोजून भरण्याला अर्थ काय, हे राजाच्या अधिकाऱ्यांना कळले होते. परंतु दारू वाढवली असता गोळीचा वेग किती वाढतो, हे कोणी पाहिले नव्हते.

वसईच्या वाचकाला १७३९ हे साल सांगावे लागत नाही. त्या वर्षीच्या मे महिन्यात चिमाजी आप्पाच्या सैन्याने सां सेबास्तियांव बुरुजाखाली सुरुंग पेरले, बुरुजाला खिंडार पडले आणि पोर्तुगिजांनी किल्ला खाली केला. जमिनीखाली किती दारू पुरावी आणि बत्ती किती वेळात पोहोचेल, हे दोन्ही बाजूंचे लोक तेव्हा अनुभवाने व अंदाजानेच ठरवीत. त्यानंतर अवघ्या तीन वर्षांनी, १७४२ साली, इंग्लंडात बेंजामिन रॉबिन्स याचा तोफविद्येवरील ग्रंथ प्रकाशित झाला आणि अंदाजाचे युग सरू लागले.

रॉबिन्सचा जन्म १७०७ साली बाथ येथे क्वेकर कुटुंबात झाला. युद्धाला सर्वस्वी नकार देणारा हा ख्रिस्ती पंथ. त्याच्या पोटी तोफविद्येचा जनक निपजावा हे आश्चर्यच. त्याने एक जड लाकडी फळी लोलकाप्रमाणे टांगली आणि तिच्यावर गोळी झाडली. फळी किती मागे झुलली ते एका फितीवर मोजले, की गोळीचा वेग गणिताने काढता येई. गोळीच्या निम्म्या वजनाची दारू भरली असता पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे सतराशे फूट वेगाने जाते, असे त्याला आढळले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे एवढ्या वेगाला हवेचा अडथळा गोळीच्या वजनाच्या शंभरपटीहून अधिक असतो, हे त्याने दाखवले. याचा अर्थ असा, की जादा दारूने दिलेला वेग पहिल्या काही अंतरातच हवा हिरावून घेते. पुढे चार्ल्स हटनने वूलिच येथे प्रयोग करून स्थूल नियम मांडला: वेग हा दारूच्या वजनाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट हवा तर दारू चौपट घालावी लागते. दारू दुप्पट केली तर वेग दीडपटही होत नाही. खांद्याला बसणारा धक्का आणि नळीतली काजळी मात्र वाढतच जाते.

रॉबिन्स शेवटी आपल्याच देशात आला. ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून १७५० साली तो मद्रास इलाख्यात पोहोचला आणि २९ जुलै १७५१ रोजी कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे निवर्तला. त्यानंतर सात वर्षांनी, १७५८ साली, बिहारच्या सोऱ्याचा मक्ता कंपनीच्या हाती गेला. युरोपच्या रणांगणावर पेटणाऱ्या दारूचा मोठा भाग पाटण्याच्या आसपासच्या मातीतून लोणिया लोक खरवडून काढीत, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतून क्वचितच येते.

विद्वानांचे गणित असे चालले असता अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात जर्मन कारागिरांनी लांब नळीच्या रायफली घडवल्या आणि तेथील रानातल्या माणसाने लोलकावाचून आपले उत्तर शोधले. त्याची रीत आजही ठासणीची रायफल चालवणारे पाळतात. प्रथम थोडी दारू भरायची. एकाच अंतरावरील खुणेवर तीन ते पाच गोळ्या झाडायच्या आणि त्या किती जवळजवळ बसल्या ते पाहायचे. मग पाच ग्रेन दारू वाढवायची, नळी पुसायची, पुन्हा तितक्याच गोळ्या झाडायच्या. (सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड.) माप वाढत जाते तशा गोळ्या एका जागी गोळा होऊ लागतात. एका मापाला त्यांचा पुंजका सर्वांत लहान होतो, आणि त्यापुढे दारू वाढवली की त्या पुन्हा विखुरतात. जेथे पुंजका लहान, ते त्या रायफलीचे माप. हिवाळ्यात बर्फावर बार काढून न जळलेले काळे दाणे पडतात का, तेही पाहिले जाई. दाणे पडले म्हणजे दारू वाया गेली. माप सापडले की सांबरशिंगाचे टोक कोरून बरोबर तेवढी दारू मावेल असे मापटे करीत आणि दारूच्या शिंगाशेजारी बांधून ठेवीत. शेजाऱ्याची रायफल तशीच दिसली तरी तिचे मापटे निराळे असे.

पुढच्या शतकात हे मापटे कारखान्यात गेले. १८४९ साली फ्रान्सच्या मिन्ये याने बुडाशी पोकळ असलेली गोळी काढली. ती बाराच्या दाबाने फुगून खाचांत बसे, त्यामुळे वायू वाया जात नसे. १८५३च्या एन्फील्ड रायफलीत ५३० ग्रेनच्या गोळीला अडीच ड्रॅम, म्हणजे सुमारे अडुसष्ट ग्रेन, दारू पुरू लागली. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीला गोळीच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी दारू लागे; आता आठव्या हिश्शात काम भागले. तेवढी दारू व गोळी कागदात गुंडाळून त्याला वंगण लावीत आणि शिपायाने तो कागद दाताने फाडायचा असे. माप अचूक होते. वंगण कशाचे आहे, हे मात्र शिपायाला कोणी विश्वासाने सांगितले नाही. १८५७ साली त्या कागदाने काय पेटवले ते सर्वज्ञात आहे. दारूचे माप काढणाऱ्यांनी माणसाच्या श्रद्धेचे माप काढले नव्हते.

ख्रिस्तसभेने शस्त्रांच्या मापाचा प्रश्न बंदुकीच्याही आधी हाती घेतला होता. ११३९ साली दुसऱ्या लॅटरन परिषदेने ख्रिस्ती लोकांविरुद्ध धनुर्धारी व यांत्रिक धनुष्ये वापरण्यास मनाई केली. ती कोणी पाळली नाही. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शहरेच्या शहरे सरसकट नष्ट करणाऱ्या युद्धकृतीला देव व मानव यांविरुद्धचा अपराध ठरवले आणि २०२० साली परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनी लिहिले, की न्याय्य युद्धाचे जुने निकष आज लावणे फार कठीण झाले आहे.

रानातल्या त्या माणसाला एका हरणापुरती दारू हवी होती, आणि जास्त भरली तर नेम चुकतो हे त्याला पाच-पाच ग्रेनांनी शिकावे लागले. राष्ट्रांच्या कोठारांना तसे मापटे अद्याप कोणी कोरून दिलेले नाही. तार्ताल्याने जी टिपणे जाळली, त्यांत त्याचा पहिला विचार होता. तो पहिला विचारच खरा होता, असे आम्हांस वाटते.